फ्री एआय डिटेक्टरच्या टक्क्यावर किती विश्वास ठेवायचा? नवीन लोकांसाठी, पहिल्यापासून

मजकूर एआयने लिहिलाय की माणसाने हे सांगणाऱ्या डिटेक्टरमध्ये तो पेस्ट केला, बटण दाबलं, लाल अक्षरात "८७% एआय" आलं, की एकतर पोटात गोळा येतो नाहीतर समोरच्याला रंगेहाथ पकडल्याचा आनंद होतो, तुम्ही टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलाय त्यावर. कॉलेजात शिकवणारे, कंटेंट रायटिंगची कामं घेणारे, दिवाळी अंकाला आलेल्या कथा चाळणारे, पीएचडीवाले, सगळेच हल्ली ही टूल्स वापरतात आणि वापरायची कशी हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, फ्री टूलचा आकडा हा पुरावा नसतो, फार तर "हे जरा नीट वाचा" एवढी खूण असते. चॅटजीपीटीतून उचलून जसाच्या तसा चिकटवलेला लांबलचक इंग्रजी मजकूर त्यातली बरीच टूल्स पकडतात, तेवढं श्रेय द्यायला पाहिजे. भानगड बाकीच्या सगळ्या केसमध्ये होते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच केस त्या बाकीच्यातच बसतात.

स्टेप १: टूल नक्की काय बघतं ते समजून घ्या

टूलला तुमचा लेख कळत नाही आणि तो कुणी लिहिला हे कळायला त्याच्याकडे मार्गही नाही. ते बघतं एवढंच की पुढचा शब्द किती सहज ओळखता येतोय. "पावसाळा सुरू झाला की शेतकरी पेरणीच्या..." इथे पुढे "कामाला" येणार हे शाळेतलं पोरही सांगेल. असे ओळखीचे शब्द सलग येत गेले की टूलला वाटतं हे मशीनचं, कारण चॅटजीपीटीसारखी भाषेची मॉडेल्स साधारण असाच शक्यतेतला शब्द उचलत पुढे जातात. ह्या मापाला परप्लेक्सिटी म्हणतात, ती कमी म्हणजे मजकूर अंदाजात येणारा. दुसरं माप बर्स्टिनेस, म्हणजे वाक्यं लहानमोठी होतायत की सगळी एकाच लांबीची. प्रिन्स्टनचा विद्यार्थी एडवर्ड टियान ह्याने जानेवारी २०२३ मध्ये जीपीटीझिरो काढलं तेव्हा ते ह्याच दोन मापांवर चालायचं. आता बऱ्याच टूल्समध्ये माणसांचे आणि मशीनचे ढीगभर नमुने दाखवून शिकवलेलं वेगळं मॉडेल असतं, तरी मूळ अडचण राहतेच की साधं, स्वच्छ आणि ठरावीक साच्यात लिहिणारा माणूस मशीनसारखा दिसतो.

अमेरिकेची राज्यघटना डिटेक्टरमध्ये टाकल्यावर ती एआयने लिहिल्याचं उत्तर आलं, हा किस्सा २०२३ मध्ये खूप फिरला. त्यात हसण्यासारखं आहेच पण कारण बघा, तो मजकूर मॉडेल्सच्या ट्रेनिंगमध्ये इतक्या वेळा आलाय की त्यांना तो पाठ आहे, मग परप्लेक्सिटी खाली जाणारच. हे पुढे स्टेप ४ ला लागणार आहे.

स्टेप २: टक्का कशाचा आहे ते वाचा

प्रत्येक टूलचा टक्का वेगळ्या गोष्टीचा असतो. टर्निटिनमध्ये (कॉलेज-विद्यापीठांत लेख तपासायला वापरतात ते टूल, फ्री नाही, संस्थेमार्फतच मिळतं) टक्का म्हणजे लेखाचा किती भाग एआयचा वाटतोय. जीपीटीझिरोमध्ये टक्का म्हणजे हा मजकूर एआयचा आहे ह्याची टूलला किती खात्री वाटतेय. म्हणजे एकीकडचे ४० आणि दुसरीकडचे ४० ह्यांची तुलनाच होत नाही. काही फ्री साइटवर तर आकडा कशाचा हे कुठेच लिहिलेलं नसतं, तिथून सरळ बाहेर पडा.

आणि कृपा करून हा टक्का प्लेजिअरिझमच्या (दुसऱ्याचं लिखाण उचलण्याच्या) टक्क्यात मिसळू नका. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत त्यात १० टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर शिक्षा नाही, पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे टप्पे. ते सगळं दुसऱ्याच्या छापलेल्या मजकुराशी जुळण्याबद्दल आहे, तिथे कुठलं वाक्य कुठून आलं ते शेजारी उघडून दाखवता येतं. एआयच्या रिपोर्टमध्ये शेजारी उघडून दाखवायला काहीच नसतं, फक्त अंदाज असतो. तरीही "एआय १० च्या आत आणा" असं सांगणारे गाईड आहेत आणि बिचारी पोरं रात्ररात्र वाक्यं फिरवत बसतात.

स्टेप ३: टूल निवडताना

नावं नीट वाचा. जीपीटीझिरो आणि झिरोजीपीटी ही दोन वेगळ्या लोकांची वेगळी टूल्स आहेत आणि लोक एकाचा स्क्रीनशॉट दाखवून दुसऱ्याचं नाव घेतात, त्यावरून भांडणंही होतात.

मग हे बघा की डिटेक्टर देणारी साइट आणखी काय विकते. त्याच साइटवर "मजकूर माणसासारखा करून देतो" असं बटण (ह्याला ह्युमनायझर म्हणतात) असेल तर आधी घाबरवायचं आणि मग औषध विकायचं असा धंदा असू शकतो. असेलच असं नाही, पण लाल रंग बघून लगेच पैसे भरू नका. क्विलबॉटकडे वाक्यं बदलून देणारं टूल आहे आणि डिटेक्टरही आहे, ग्रामरलीचंही तसंच, दोन्हीकडे हात असलेल्या ह्या कंपन्या आहेत एवढं डोक्यात ठेवा.

कमीत कमी किती मजकूर लागतो आणि कुठल्या भाषा चालतात हे साइटवर शोधा. टर्निटिनसारखं पैसेवालं टूलसुद्धा ३०० शब्दांच्या खाली एआयचा स्कोअर देत नाही, मग दोन ओळींच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर फ्री टूलने दिलेल्या ९५ टक्क्यांना काय अर्थ आहे ते तुम्हीच ठरवा.

आणि प्रायव्हसी. अप्रकाशित थीसिस, क्लायंटचा करार, विद्यार्थ्याचं नाव-रोल नंबर असलेलं उत्तर, स्पर्धेला आलेली दुसऱ्याची कथा, हे कुठल्याही फ्री चौकटीत पेस्ट करू नका. तो मजकूर पुढे कुठे साठवला जातो हे अटी वाचल्याशिवाय कळत नाही आणि अटी कोणी वाचत नाही.

एक इतिहास माहीत असू द्या. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा फ्री डिटेक्टर काढला होता. त्यांच्याच चाचणीत तो एआयने लिहिलेल्यापैकी फक्त २६ टक्के मजकूर पकडत होता आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारत होता. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी तो बंद केला. त्याच वर्षी युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने १४ टूल्स तपासली, त्यातली बहुतेक कोणालाही उघडून वापरता येणारी, तर एकही ८० टक्के अचूकतेला पोचलं नाही. तेव्हापासून टूल्स सुधारलीत हे खरं, काही पैसेवाली टूल्स इंग्रजीवर आता खूपच बरी झालीत. पण मॉडेल्सही तिथेच थांबलेली नाहीत, आणि फ्री आवृत्तीत तुम्हाला तेच इंजिन मिळतंय का हलकं, हे बाहेरून कळत नाही.

स्टेप ४: आधी टूलची परीक्षा घ्या, मग माणसाची

ही स्टेप जवळजवळ कोणीच करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. ज्या मजकुराचा लेखक तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे तोच आधी टाकून बघा.

माणसाचे नमुने घ्या ते ३० नोव्हेंबर २०२२ च्या आधीचे, कारण त्या दिवशी चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं. स्वतःचे जुने ईमेल, बीएच्या असाइनमेंट, ऑफिसचे रिपोर्ट, मित्राने लिहिलेलं प्रवासवर्णन, जे इंटरनेटवर कधी आलेलंच नाही असं. पुस्तकातला किंवा विकिपीडियावरचा उतारा घेऊ नका, राज्यघटनेचं जे झालं तेच होईल. आणि नमुने तपासायच्या मजकुराच्या जातीचे पाहिजेत. इंजिनिअरिंगचे लॅब रिपोर्ट तपासायचे असतील तर जुने लॅब रिपोर्टच टाका, कविता टाकून काही कळणार नाही.

मशीनचे नमुने स्वतः बनवा, त्याच विषयांवर, दोन वेगळ्या चॅटबॉटकडून. काही जसेच्या तसे ठेवा. काहींवर स्वतः हात फिरवा, वाक्यं तोडा, दोन उदाहरणं घाला. काही तुमच्या लेखाचं एआयकडून फक्त व्याकरण तपासून घेतलेले. हा शेवटचा गठ्ठा महत्त्वाचा, कारण प्रत्यक्षात लोक असंच वापरतात, सगळा लेख मशीनने लिहिलाय किंवा सगळा हाताने लिहिलाय अशी सरळ विभागणी आता कमीच सापडते.

सगळं एका शीटमध्ये मांडा: मजकूर कोणाचा, टूलने काय सांगितलं, तारीख. तुमच्या स्वतःच्या जुन्या लेखांपैकी एकावरही टूलने एआयचा शिक्का मारला तर दुसऱ्याच्या लेखावर त्याच टूलचा शिक्का घेऊन बोलायला जाताना आवाज आपोआप खाली येतो. टूल अपडेट झालं की पुन्हा करा, आज पास झालेलं टूल सहा महिन्यांनी तसंच वागेल अशी हमी नाही.

स्टेप ५: मजकूर टाकायची पद्धत

संदर्भांची यादी, प्रश्नांची वाक्यं, अवतरणं, कोष्टकं, फॉर्मचा ठरलेला मजकूर काढून टाका, ह्या गोष्टी मुळातच साच्यातल्या असतात. पीडीएफमधून कॉपी केलं असेल तर तुटलेल्या ओळी जोडून घ्या. पूर्ण मजकूर एकदा आणि मग मोठे मोठे भाग वेगळे टाका. एकेका वाक्याला पिवळा रंग देणारी टूल्स असतात त्या रंगावर विसंबून "हे वाक्य तू लिहिलं नाहीस" असं कोणाला म्हणू नका, एका वाक्यात अंदाज बांधायला पुरेसा मालच नसतो.

दोन टूल्स वापरा पण त्याचा अर्थ नीट लावा. दोघांची उत्तरं विरुद्ध आली तर उत्तर "माहीत नाही" असं आहे, आपल्याला आवडेल ते उचलायचं नाही. दोघांनी एकच सांगितलं तरी ते दोन स्वतंत्र साक्षीदार धरू नका, दोघंही साधारण त्याच खुणा शोधतायत त्यामुळे चुकताना एकत्रच चुकू शकतात.

आणि चॅटबॉटलाच विचारू नका "हे तू लिहिलंस का?" मे २०२३ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या एका विद्यापीठात शिक्षकाने नेमकं हेच केलं, विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीला देऊन विचारलं, त्याने हो हो मी लिहिले म्हटलं आणि पदवीच्या तोंडावर पोरांचे निकाल अडकले. चॅटबॉटला असं काही ओळखता येत नाही, तो विचारलं की काहीतरी उत्तर देतो. ओपनएआयने शिक्षकांसाठीच्या माहितीत हे स्वतःच लिहिलंय.

स्टेप ६: थोडं गणित, टाळू नका

"आमचं टूल ९५ टक्के अचूक" हे वाचून वाटतं शंभरात पाचच चुका, चालतंय की. आता समजा वर्गात २०० जण आहेत, त्यातल्या २० जणांनी एआयकडून लिहून घेतलंय. टूल असं धरा की एआयचा मजकूर ८० टक्के वेळा पकडतं आणि माणसाच्या मजकुरावर फक्त ५ टक्के वेळा चुकतं (आकडे मी समजण्यासाठी घेतलेत). २० पैकी १६ सापडले. उरलेल्या १८० प्रामाणिक पोरांपैकी ९ जण फुकट अडकले. म्हणजे टूलने बोट दाखवलेल्या २५ पैकी ९ जण निर्दोष, साधारण तीनातला एक. आणि कॉपी करणारे २० च्या ऐवजी ५ च असते तर? सापडले ४ आणि अडकले जवळपास १०, म्हणजे निर्दोषच जास्त.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनचा एआय डिटेक्टर बंद केला तेव्हा हाच हिशोब मांडला होता. कंपनी म्हणते चूक फक्त १ टक्का, विद्यापीठाकडे २०२२ मध्ये आले ७५,००० पेपर, म्हणजे वर्षाला साधारण ७५० पेपरांवर खोटा आळ.

स्टेप ७: मराठी, आणि मराठी माणसाचं इंग्रजी

इथे जरा थांबून वाचा कारण हे खास आपल्याला लागू आहे.

आधी आपलं इंग्रजी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर घेतले आणि त्यांना टोफेल परीक्षेचे ९१ निबंध दिले, म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर एआयचा शिक्का बसला. ९१ पैकी जवळजवळ सगळ्यांवर सातातल्या किमान एका टूलने तरी संशय घेतला. अमेरिकन आठवीच्या मुलांच्या निबंधांवर मात्र तीच टूल्स बहुतेक बरोबर होती. कारण स्टेप १ मधलंच, मर्यादित शब्दसंपत्ती, शाळेत घोटून घेतलेली वाक्यरचना, म्हणजे परप्लेक्सिटी कमी. मराठी माध्यमातून शिकून नंतर इंग्रजीत लिहायला लागलेला माणूस असंच जपून लिहितो, आणि त्याच निबंधांतले शब्द चॅटजीपीटीकडून भारदस्त करून घेतल्यावर ती टूल्स त्यांना माणसाचं म्हणायला लागली, घ्या. टूल्स नंतर बदलली असतील पण तुमचं टूल ह्या बाबतीत सुधारलंय का हे स्टेप ४ केल्याशिवाय कळणार नाही.

आता मराठी मजकूर. चौकटीत देवनागरी पेस्ट होते आणि आकडा येतो म्हणून टूलला मराठी कळतं असं नाही. ह्या टूल्सची बहुतेक तयारी इंग्रजीवर झालीये, आणि "बऱ्याच भाषा चालतात" असं लिहिलेलं असलं तरी मराठीवर किती वेळा चुकतं हे साइटवर छापलेलं आहे का शोधा. नसेल तर त्या आकड्याकडे बघूसुद्धा नका. "सदर प्रकरणी उपरोक्त संदर्भान्वये कळविण्यात येते की" हे शासकीय मराठी पिढ्यान्‌पिढ्या माणसंच लिहितायत, पण त्याच्याइतकं अंदाजात येणारं दुसरं काय असेल!

एक जुगाड लोक करतात तो करू नका: मराठी लेख मशीनने इंग्रजीत भाषांतर करून मग डिटेक्टरमध्ये टाकणे. मग तुम्ही भाषांतर करणाऱ्या मशीनचं इंग्रजी तपासताय, लेखकाचं काही नाही. वर सांगितलेल्या १४ टूल्सच्या तपासणीत हेही होतं, माणसांनी दुसऱ्या भाषांत लिहून मशीनने इंग्रजीत आणलेले लेख ओळखताना टूल्स आणखी घसरली होती.

आणखी एक खास आपली भानगड. काहीजण मजकुरातली न दिसणारी अक्षरं शोधून काढतात आणि सापडली की म्हणतात हा बघा एआयचा शिक्का. मराठीत "दुसऱ्या", "वाऱ्यावर" मधला तो अर्धा र काही कीबोर्ड अक्षरं जोडणारं एक न दिसणारं चिन्ह (जॉइनर) घालूनच टाइप करतात, ते माणसाच्या टायपिंगमध्ये शेकड्याने सापडेल. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुरातही नको ती चिन्हं राहून जातात. त्यावरून कोणालाही धरू नका.

मराठीत मग काय उपयोगी पडतं? वाचणं. इंग्रजीवर २०२५ मध्ये एक अभ्यास झाला त्यात लिहिण्यासाठी नेहमी एआय वापरणाऱ्या पाच जणांना ३०० लेख वाचायला दिले, पाचांच्या बहुमताने फक्त एका लेखात चूक झाली. सराव असलेल्या डोळ्याला दिसतं. पण सराव नसलेल्याला "मला वाटतंय" एवढंच असतं, आणि "मला वाटतंय" वर कोणाची स्पर्धेतली कथा बाद करायची नसते. त्यापेक्षा ठोस गोष्टी तपासा: दिलेला संदर्भग्रंथ खरंच आहे का, त्या पानावर ते वाक्य आहे का, उल्लेख केलेलं गाव त्या तालुक्यात आहे का. अस्तित्वात नसलेलं पुस्तक संदर्भात सापडलं तर त्याला कुठल्याच टक्क्याची गरज उरत नाही.

स्टेप ८: आकडा वर आला, आता?

तुम्ही तपासणारे असाल तर आधी बोला. ड्राफ्ट मागा, गुगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर व्हर्जन हिस्टरी (कधी काय लिहिलं-बदललं त्याची नोंद) दाखवायला सांगा, लेखातल्या दोन-तीन मुद्द्यांवर तोंडी विचारा. स्वतः लिहिलेला माणूस गडबडला तरी विषयात फिरू शकतो. मूळ कागदावर लिहून मग टाइप करणारेही असतात हं, त्यांची हिस्टरी एका दमात आलेली दिसेल, अशांची वही बघा. आणि एआयची कितपत मदत चालेल हे आधी लिहून दिलेलं नसेल तर नंतर नियम काढू नका.

हरियाणातल्या जिंदाल विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला उत्तर ८८ टक्के एआयचं म्हणून नापास केलं तेव्हा तो २०२४ मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टात गेला, नियम कुठे आहे आणि पुरावा काय हेच प्रश्न त्याने विचारले. विद्यापीठाने त्याला पास केलं आणि याचिका निकाली निघाली.

तुमच्यावर आळ आला असेल तर चिडून लगेच उत्तर देऊ नका, आणि "ह्युमनायझर" मध्ये तर अजिबात टाकू नका, तुमचं स्वतःचं लिखाण विस्कटेल आणि खरंच मशीनचा हात लागलेला मजकूर हातात राहील. विचारा की कुठलं टूल, कुठली तारीख, किती शब्द टाकले, भाषा कुठली. मग त्याच टूलमध्ये तुमचा २०२२ च्या आधीचा एखादा लेख टाकून त्याचा रिपोर्ट सोबत जोडा, हिस्टरीची लिंक द्या, कच्च्या टिपणांचे फोटो द्या. व्याकरणासाठी किंवा शब्द शोधायला एआय वापरलं असेल तर तेवढं सरळ सांगा.

फ्रीलान्स कंटेंटवाल्यांनी हे काम हातात घ्यायच्या आधीच मिटवावं. क्लायंट "डिटेक्टरमध्ये पास झालं पाहिजे" म्हणाला तर टूलचं नाव, मर्यादा किती टक्के आणि वाद झाला तर ड्राफ्टची हिस्टरी ग्राह्य धरायची, हे तिन्ही मेलवर लिहून घ्या. मराठी कामासाठी डिटेक्टरची अट असेल तर क्लायंटला सांगा, तुमचाच एक जुना मराठी लेख आधी ह्यात टाकून बघा आणि मग अट ठेवायची का ठरवा.